डार्कथ्रोन: कुठली रेकॉर्ड घ्यावी, कुठली सोडावी

डार्कथ्रोन ऐकायचं ठरवलं की पहिला प्रश्न सुरुवात कुठून करायची हाच असतो. 1991 ते 2024 या काळात नॉर्वेच्या या बँडचे एकवीस स्टुडिओ अल्बम आले. जड, गुरगुरत्या गायकीचं डेथ मेटल, बारीक, चिरक्या आवाजाचं ब्लॅक मेटल, पंक, ऐंशीच्या दशकातलं हेवी मेटल, संथ डूम मेटल, सगळं त्यात आहे. चाहते या प्रवासाचे टप्पे शैलीवरून पाडतात. ते स्टुडिओवरून पाडले तर खरेदी करणाऱ्याला जास्त कळतं. कारण या बँडची रेकॉर्डिंगची जागा बदलली की बहुतेक वेळा संगीतही बदलतं.

पहिला अल्बम 'सोलसाइड जर्नी' (1991) स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत झाला. स्वीडिश डेथ मेटलचा तो जाडजूड आवाज तिथेच घडला होता. ओस्लोजवळच्या कोल्बोटनची ही मुलं तिथे गेली आणि गुंतागुंतीचं, सतत लय बदलणारं, नीट वाजवलेलं डेथ मेटल घेऊन आली. अल्बम वाईट अजिबात नाही. ड्रमर फेनरिजचा हात किती तयार होता हे ऐकायचं असेल तर हाच ऐकावा, कारण पुढे त्याने ही सफाई मुद्दाम लपवली. पण डार्कथ्रोन म्हणून पहिली खरेदी ही नव्हे.

मग 1991 मध्येच बँडने डेथ मेटल सोडलं. तयार होत आलेला दुसरा अल्बम बाजूला ठेवला (तोच पुढे 1996 मध्ये 'गोटलॉर्ड' नावाने निघाला, तालमीच्या टेपवर मागाहून गायन चढवलेला, फक्त संग्राहकांसाठी) आणि गावातल्याच क्रिएटिव्ह स्टुडिओत 'अ ब्लेझ इन द नॉर्दर्न स्काय' रेकॉर्ड केला. पीसव्हिल या ब्रिटिश कंपनीने डेथ मेटल बँड म्हणून करार केला होता, त्यामुळे टेप ऐकून त्यांना धक्काच बसला. आवाज फार बारीक आहे, पुन्हा मिक्स करा, असं त्यांचं म्हणणं. बँडने ठणकावलं: असाच काढा, नाहीतर आम्ही तो मेहेम या नॉर्वेच्या ब्लॅक मेटल बँडचा गिटारवादक युरोनिमस याच्या कंपनीकडून काढतो. पीसव्हिलने माघार घेतली आणि 1992 च्या सुरुवातीला अल्बम आला. आज तो ओस्लोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या कायमस्वरूपी प्रदर्शनात आहे.

या अल्बमची गंमत अशी की तो पूर्ण ब्लॅक मेटल नाहीच. 'पॅरागॉन बेलायल'सारख्या गाण्यात डेथ मेटलचे रिफ (पुन्हा पुन्हा फिरणारे गिटारचे तुकडे) सरळ दिसतात. 'इन द शॅडो ऑफ द हॉर्न्स' मध्यम लयीतलं, सेल्टिक फ्रॉस्ट या जुन्या स्विस मेटल बँडच्या वळणाचं. नव्या माणसासाठी हे फायद्याचंच आहे. कानाला धरायला जड रिफ मिळतो, आणि ड्रमवर भरपूर रिव्हर्ब (घुमारा) असल्यामुळे आवाज बारीक असूनही जागा मोठी वाटते. पहिली खरेदी हीच करावी.

'अंडर अ फ्यूनरल मून' (1993) त्याच काळातला, पण ती मोठी जागा गायब. रिव्हर्ब कमी, गिटार पत्र्यावर खिळा घासावा तशी, आणि डेथ मेटलचा मागमूस नाही. दुसरा गिटारवादक झेफिरसचा हा शेवटचा अल्बम. इथून पुढे बँड म्हणजे दोनच माणसं: फेनरिज आणि गायक-गिटारवादक नॉक्टर्नो कुल्टो. 'टू वॉक द इन्फर्नल फील्ड्स' हे संथ गाणं आधी लावावं. बाकीची वेगवान गाणी त्यानंतर लवकर उलगडतात.

आता 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' (1994). सगळ्यात जास्त नक्कल याच अल्बमची झाली आणि बहुतेक नकला फसल्या, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. फेनरिजने घरच्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर सगळी वाद्यं एकट्याने वाजवली. नॉक्टर्नो कुल्टोने फक्त आवाज दिला. या घरगुती सोयीला त्यांनी नेक्रोहेल असं नाव दिलं होतं.

शीर्षकगीत लक्ष देऊन ऐका. ड्रमचा सरळ, वेगवान ठेका सुरू होतो आणि सहा मिनिटं जवळपास मोडत नाही. फिल (ठेक्याच्या मधल्या ड्रमच्या भरण्या) नाहीत, लयीतले खटके नाहीत. ड्रम एका रेषेत धावत असल्यामुळे बदल ऐकायची सगळी जबाबदारी गिटारवर येते. एकच तार पिकने भराभर वर-खाली छेडत वाजवलेला मायनर सुरातला रिफ बराच वेळ फिरतो. मग एखादाच स्वर सरकतो, आणि तेवढ्याने अख्ख्या गाण्याचा रंग बदलतो. हे जमतं कारण गिटारवर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका करणं) बेताचं आणि ट्रेबल भरपूर आहे. स्वर सुटे ऐकू येतात. नक्कल करणारे इथेच घसरतात. ते गेन, म्हणजे डिस्टॉर्शनची मात्रा, पूर्ण चढवतात, मग भराभर छेडलेले स्वर एकमेकांत मिसळून नुसता गुंजारव उरतो आणि सरकलेला स्वर कोणाला ऐकूच येत नाही. वर ते ड्रम कॉम्प्युटरवर बसवतात. फेनरिजचा ठेका एकसुरी असला तरी माणसाच्या हाताचा आहे, किंचित हलतो. तो हलका झोल काढला की गाणं मरतं.

ऐकताना होणाऱ्या चुकाही ठरलेल्या. बेस वाढवलेला ब्लूटूथ स्पीकर लावला की खालच्या पट्टीत मुळात नसलेलं काहीतरी फुगतं आणि गिटार मागे जाते. बेस सपाट ठेवा. कान दुखत असतील तर तीन-चार किलोहर्ट्झच्या आसपास दोन डेसिबल उतरवा, जास्त नको. 128 केबीपीएसची जुनी एमपीथ्री मात्र टाळाच. झांजा आणि गिटार दोन्ही वरच्या पट्टीत दाटीने असल्यामुळे फाइल बारीक करताना तिथेच पाण्यात बुडाल्यासारखा आवाज येतो. अनेकजण ज्याला डार्कथ्रोनचं रेकॉर्डिंग खराब म्हणतात, ते प्रत्यक्षात खराब एमपीथ्रीबद्दल बोलत असतात.

या अल्बमबद्दल आणखी एक गोष्ट विकत घेण्याआधी माहीत असावी. शेवटच्या चार गाण्यांचे शब्द बर्झुम हा एकट्याचा ब्लॅक मेटल बँड चालवणाऱ्या वार्ग विकेर्नेसचे आहेत, आणि तो तेव्हा युरोनिमसच्या खुनाच्या आरोपाखाली कोठडीत होता. मूळ कव्हरच्या मागे 'नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल' असं छापलं होतं. टीका होणार हे ओळखून बँडने काढलेल्या पत्रकात ज्यूविरोधी भाषा होती. नंतर त्यांनी माफी मागितली आणि पुढच्या आवृत्त्यांतून ती ओळ गेली. संगीत श्रेष्ठ आहे, आणि तो मजकूर लाजिरवाणा होता. दोन्ही खरं.

'पान्झरफाउस्ट' (1995) त्याच चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर, पण मूनफॉग कंपनीसाठी. इथे गाण्याचा आवाज मिक्समध्ये भलताच पुढे आहे, इतका की पहिल्यांदा ऐकताना दचकायला होतं. रिफमध्ये सेल्टिक फ्रॉस्ट पुन्हा डोकावतं. 'अ ब्लेझ' ते 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' या त्रयीनंतर काय, असं विचारणाऱ्याने हा घ्यावा.

यानंतरचा मूनफॉगचा काळ, म्हणजे 1996 ते 2004, भरभर उरकता येतो. 'रॅव्हिशिंग ग्रिमनेस' आणि 'हेट देम' बरे. 'प्लेगवील्डर' (2001) लांबलेला आणि सर्वात कमकुवत. रेकॉर्डिंग सुधारलं, पण त्या बारीक आवाजात लपलेली धार गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

नेमकी हीच अडचण त्यांनी स्वतःचा स्टुडिओ उभारून सोडवली. नेक्रोहेल 2 मध्ये रेकॉर्ड केलेला 'द कल्ट इज अलाइव्ह' (2006) पुन्हा पीसव्हिलकडून आला आणि जुन्या चाहत्यांनी डोक्याला हात लावला, कारण तो चक्क पंक होता. छोटी गाणी, मळकट गिटार, मस्ती. 'एफ.ओ.ए.डी.' (2007) आणि 'सर्कल द वॅगन्स' (2010) त्याच वळणाचे. फेनरिजही गाऊ लागला. 'एफ.ओ.ए.डी.'च्या पुस्तिकेत तो जुन्या बँडच्या शिफारशी करतो. ती पानं नीट वाचली तर वर्षभर ऐकायला पुरेल एवढा माल आहे, त्यामुळे हा अल्बम सीडीवरच घ्यावा.

या काळाचा कळस म्हणजे 'द अंडरग्राउंड रेझिस्टन्स' (2013). सहाच गाणी. शेवटचं 'लीव्ह नो क्रॉस अनटर्न्ड' तेरा मिनिटांहून जास्त, आणि त्यात फेनरिज मर्सिफुल फेट बँडचा गायक किंग डायमंड याच्या थाटात उंच किंकाळ्या मारतो. काहींना ते हास्यास्पद वाटतं. पण रिफ इतके पक्के आहेत की किंकाळ्या पचतात. ब्लॅक मेटल न आवडणाऱ्या, पण आयर्न मेडन-मर्सिफुल फेट ऐकत वाढलेल्या माणसाला डार्कथ्रोन द्यायचा असेल तर हाच द्या.

'आर्क्टिक थंडर' (2016) साठी ते 1988 ते 1990 मधल्या आपल्या जुन्या तालमीच्या खोलीत परतले. गायन पुन्हा पूर्णपणे नॉक्टर्नो कुल्टोकडे गेलं. 'ओल्ड स्टार' (2019) त्याहून सरस. आणि मग पुन्हा जागा बदलली: ओस्लोचा चाका खान स्टुडिओ. तिथे झालेल्या 'इटर्नल हेल्स' (2021) मध्ये पाचच गाणी, सगळी लांब, डूमच्या चालीची, अधूनमधून मूग सिंथेसायझर. कव्हरवर डेव्हिड हार्डी यांनी 1972 मध्ये काढलेलं प्लूटोचं चित्र. 'अ‍ॅस्ट्रल फोर्ट्रेस' (2022) च्या कव्हरवर चक्क बर्फावर स्केटिंग करणारा माणूस, आत मेलोट्रॉन (टेपवर चालणारा जुना कीबोर्ड). 'इट बेकन्स अस ऑल' (2024) याच रांगेतला, किंचित जास्त उत्साही. एलपीवर पैसे घालवायचे असतील तर या तिघांवर घालवा. यांच्यात खालची पट्टी भरलेली आहे, त्यामुळे मोठ्या स्पीकरवर फरक ऐकू येतो. 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'ची एलपी कव्हरसाठी घ्यायची तर जरूर घ्या. आवाजात सीडीपेक्षा फार काही हाती लागत नाही.

मैफिलीच्या तिकिटासाठी मात्र थांबू नका. हा बँड 1990 च्या दशकानंतर रंगमंचावर आलेला नाही आणि यायची इच्छाही नाही. दोघांनी पोटापाण्यासाठी वेगळ्या नोकऱ्या केल्या, त्यामुळे कोणाच्या तिकिटविक्रीवर यांचं पुढचं गाणं अवलंबून नसतं. जुन्या अल्बमच्या पीसव्हिलने काढलेल्या दोन सीडींच्या काही आवृत्त्यांत दुसऱ्या सीडीवर बँडचं समालोचन आहे. 'पान्झरफाउस्ट' घेताना ती आवृत्ती मिळते का पाहा, साध्या सीडीपेक्षा थोडी महाग पडली तरी.