सीमाभागात ऑफिसचं काम शिकायचं: डिप्लोमा, आयटीआय, की बी.कॉम.बरोबर टॅलीचा क्लास?

एसएसएलसी (दहावी) किंवा सेकंड पीयूसीनंतर (बारावी) ऑफिसचं काम शिकायचं तर बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे साधारण चार वाटा आहेत. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा कमर्शियल प्रॅक्टिस डिप्लोमा, आयटीआयचा एक वर्षाचा ‘कोपा’ (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट), बी.कॉम. करता करता लावलेला टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि एक्सेलचा क्लास, आणि पलीकडे महाराष्ट्रात जाऊन केलेलं एमएस-सीआयटी (तिथला संगणक साक्षरतेचा कोर्स) व टायपिंग. फी आणि मुदत शेजारी मांडून निवड केली तर ती बहुधा फसते, कारण या चार वाटा वेगवेगळ्या खुर्च्यांकडे जातात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या अकौंट्स टेबलाला जे लागतं ते एसडीएच्या (कर्नाटक सरकारच्या कारकुनाच्या) परीक्षेला लागत नाही. महाराष्ट्रातल्या लिपिकाच्या जागेला तर तिसरंच काही लागतं. आधी खुर्ची ठरवा, मग कोर्स.

खाजगी नोकरी: फौंड्री, व्यापारी पेढी, सीएचं ऑफिस

या भागातल्या बहुतेक जागा इथेच आहेत, म्हणून यावर जास्त लिहितो. इथे सर्टिफिकेट कोणी फारसं उलगडून बघत नाही. पहिल्या दिवशी समोर बिलांचा गठ्ठा येतो आणि टॅलीत एंट्री करायला सांगतात. आणि सीमाभागातलं बिल धारवाडच्या किंवा साताऱ्याच्या बिलापेक्षा जरा अवघड असतं, कारण अर्धं गिऱ्हाईक पलीकडच्या राज्यातलं.

निपाणीच्या व्यापाऱ्याने बेळगावला एक लाखाचा माल १८ टक्के दराने विकला तर सीजीएसटी (केंद्राचा वाटा) ९,००० आणि एसजीएसटी (राज्याचा वाटा) ९,०००. तोच माल हाकेच्या अंतरावरच्या कागलला (म्हणजे महाराष्ट्रात) गेला की आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर, १८,०००. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघायची सवय लागली पाहिजे: २९ म्हणजे कर्नाटक, २७ म्हणजे महाराष्ट्र. टॅलीत पार्टीचं लेजर उघडताना राज्याच्या रकान्यात कर्नाटकच राहून गेलं, तर कागलच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. कागलच्या गिऱ्हाइकाला कर्नाटकच्या एसजीएसटीचं क्रेडिट (आपल्या करातून वजावट) घेता येत नाही, त्यामुळे फोन येतो तो तिथूनच. रिटर्न भरून गेलं असेल तर आयजीएसटी नव्याने भरायचा आणि चुकून भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करायचा. व्याज लागत नाही, पण तोवर १८,००० रुपये अडकून राहतात.

याहून फसवा प्रकार म्हणजे बिल एकाच्या नावावर, माल दुसऱ्याच्या दारात. कोल्हापूरच्या कंपनीने ऑर्डर दिली आणि तिच्या सांगण्यावरून माल उद्यमबागेतल्याच दुसऱ्या शेडवर उतरवला, तर माल कर्नाटकाबाहेर गेलेलाच नाही. तरी बिल आयजीएसटीचं, कारण पुरवठ्याचं ठिकाण ज्याने ऑर्डर दिली त्याच्या पत्त्यावरून ठरतं. क्लासमध्ये हे उदाहरण सोडवून घेतलंय का, एवढं विचारलं तरी शिकवणाऱ्याचा अंदाज येतो.

उद्यमबागेत याच्या जोडीला जॉबवर्क असतं. कास्टिंग मशीनिंगला बाहेर जातं ते बिलावर नव्हे, डिलिव्हरी चलनावर. ते एका वर्षात परत आलं नाही तर ती विक्री धरली जाते आणि कर लागतो. टॅलीत त्यासाठी मटेरियल आऊट आणि मटेरियल इन अशी वेगळी व्हाउचर आहेत, बहुतेक क्लास त्यांना हातही लावत नाहीत. पन्नास हजारांवरचा माल असेल तर ई-वे बिल (माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा कागद) हवं. त्यात गाडीचा नंबर भरायचा राहिला की गाडी सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे अडकू शकते, आणि ड्रायव्हर मालकाला नाही, तुम्हालाच फोन लावतो.

पगारपत्रकातही सीमा आडवी येते. कर्नाटकात महिना २५,००० च्या खाली पगार असेल तर व्यवसाय कर नाही. महाराष्ट्रात पुरुष कामगाराला ७,५०० च्या वर तो लागू होतो, स्त्रियांना २५,००० पर्यंत माफ आहे. एकाच मालकाचं युनिट उद्यमबागेत आणि दुसरं कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला असेल तर एकच एक्सेल शीट दोन्हीकडे चालवता येत नाही.

आता या खुर्चीला कोणता कोर्स किती पोहोचवतो?

कोपा दहावीनंतर एका वर्षात होतो, सरकारी आयटीआयत फी अगदी कमी आणि प्रमाणपत्र देशभर चालतं. संगणकाची ओळख, ऑफिसची सॉफ्टवेअर, डेटाबेस, नेटवर्क, वेब पेज असा पसारा आहे. पण हिशेबाचा पाया त्यात घडत नाही. कोपा झालेली मुलगी प्रिंटर नेटवर्कला जोडेल, पण डेबिट नोट का काढायची हे तिला वेगळं शिकावं लागेल. डेटा एंट्री, रिसेप्शन, शाळेचं किंवा दवाखान्याचं ऑफिस, झेरॉक्स-ऑनलाइन सेंटर यांसाठी तो पुरेसा आहे. पुढे अप्रेंटिसशिपची सोयही आहे, ती सोडू नका.

कमर्शियल प्रॅक्टिस डिप्लोमा सहा सेमिस्टरचा. टायपिंग, शॉर्टहँड, पत्रव्यवहार, हिशेब, ऑफिसची शिस्त हे सगळं एका छपराखाली मिळतं. फायलिंग, इनवर्ड-आउटवर्ड, मीटिंगची टिपणं ही जी कामं बाकी कुठे कोणी शिकवत नाही ती इथे शिकवतात. अडचण दोन ठिकाणी: हा कोर्स प्रत्येक पॉलिटेक्निकात नसतो, आणि शॉर्टहँडवर जाणारा वेळ आजच्या खाजगी ऑफिसात वसूल होत नाही. कोर्ट किंवा सरकारी स्टेनोचं डोक्यात असेल तर मात्र तोच वेळ कामी येतो.

बी.कॉम. आणि क्लास ही जोडी अकौंट्सच्या खुर्चीला सगळ्यात जवळची, असं आमचं स्पष्ट मत आहे. राणी चन्नम्मा विद्यापीठाखालच्या कॉलेजांत हिशेबाचं ‘का’ समजतं, क्लासात ‘कसं’. कर्नाटकात २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली आहे. निपाणीकरांना आणखी एक पर्याय आहे. अर्जुननगरचं देवचंद कॉलेज निपाणीला लागून असलं तरी कोल्हापूर जिल्ह्यात, शिवाजी विद्यापीठाखाली येतं. पदवी दोन्हीकडची दोन्ही राज्यांत चालते. शिष्यवृत्तीचे नियम मात्र राज्याराज्याचे वेगळे, म्हणून प्रवेशाआधी ऑफिसात चौकशी करा. क्लास पहिल्या वर्षी लावू नका. जर्नल एंट्री अंगवळणी पडायच्या आत टॅली शिकलं तर नुसती बटणं पाठ होतात, आणि परीक्षेनंतर तीही विसरतात.

क्लास पारखायचा कसा

फी विचारण्याआधी लॅबमध्ये जाऊन टॅली उघडून दाखवायला सांगा. विनापरवाना टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये चालतं आणि त्यात महिन्याच्या फक्त १, २ आणि शेवटच्या तारखेलाच व्हाउचर टाकता येतं. शिकायला सुरुवात म्हणून हे चालेल, घरी सरावाला तर उत्तमच, फुकट आहे. पण सगळा कोर्स त्यावरच उरकला तर बँक रिकन्सिलिएशन (आपल्या नोंदी बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवणं) कधीच नीट शिकून होत नाही. चेक ५ तारखेला दिला, ९ तारखेला वटला, हा फरक तीन तारखांत दाखवणार कसा? परवाना असलेली निदान काही मशीन हवीत.

दुसरं, सराव कशावर घेतात ते बघा. पुस्तकातली दहा ओळींची उदाहरणं आणि फाइलमधली खरी बिलं यांत फार अंतर आहे. बिलांवर शिक्का अक्षरांवरून गेलेला असतो, वाहतूक वेगळी दाखवलेली असते, पूर्णांकासाठी चाळीस पैसे वरखाली केलेले असतात. एका तिमाहीची शंभरेक बिलं, बँकेचं स्टेटमेंट आणि शेवटी जीएसटीआर-१ व ३बी या जीएसटी रिटर्नचे आकडे जुळवून घेणं, एवढं झालं तर हात बसला म्हणायचा.

तिसरं, एक्सेल. ‘ॲडव्हान्स्ड’ या नावाखाली पन्नास फॉर्म्युले दाखवणाऱ्यापेक्षा पाचच पक्के करून घेणारा बरा. महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी) येतं आणि ते खरेदीच्या रजिस्टरशी जुळवावं लागतं. तिथे व्हीलुकअप (दुसऱ्या यादीत जुळणी शोधणारा फॉर्म्युला) लावला की निम्म्या ओळींत ‘सापडलं नाही’ येतं. कारणं ठरलेली: नावामागे एक रिकामी जागा राहिलेली, एकाने बिल नंबर ००१२ लिहिलेला तर दुसऱ्याच्या शीटमध्ये शून्य उडून १२ झालेला, नाहीतर आकडा मजकूर म्हणून बसलेला. ट्रिम, व्हॅल्यू आणि रकाना आधीच टेक्स्ट करून ठेवणं, यावर हे सुटतं. तारखांचा घोळ वेगळा. संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकेची असेल तर ०५/०४ म्हणजे ५ एप्रिल न धरता तो ४ मे धरतो, आणि बिल दुसऱ्याच महिन्यात जाऊन बसतं. १२ च्या पुढच्या तारखा तर तारीख म्हणून ओळखल्याच जात नाहीत.

सरकारी खुर्ची, अलीकडची आणि पलीकडची

कर्नाटकात एसडीएला (सेकंड डिव्हिजन असिस्टंट) पीयूसी आणि एफडीएला (फर्स्ट डिव्हिजन असिस्टंट) पदवी लागते, आणि कन्नडची सक्तीची परीक्षा पार करावी लागते. मराठी माध्यमातून शिकलेल्यांची गाडी संगणकावर नाही, इथेच अडते. त्यामुळे ही वाट धरणाऱ्याने टॅलीच्या क्लासचे पैसे कन्नड लेखनाच्या शिकवणीला घातलेले बरे. टायपिस्टच्या जागेला कन्नड टायपिंगची परीक्षा वेगळी द्यावी लागते.

महाराष्ट्रात लिपिक-टंकलेखकाला पदवीबरोबर मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट टायपिंगचं सरकारी प्रमाणपत्र आणि एमएस-सीआयटी किंवा त्याला समकक्ष संगणक अर्हता लागते. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांत १५ वर्षं वास्तव्य असलेल्या उमेदवारांना तिथे अर्ज करता येतो, त्यासाठी विहित नमुन्यातला दाखला लागतो. हा दाखला जाहिरात आल्यावर काढायला धावू नका, मुदत तेवढ्यातच संपते. एमएस-सीआयटी कर्नाटकातल्या खाजगी ऑफिसात कोणी मागत नाही, म्हणून महाराष्ट्रातली भरती डोळ्यांपुढे असेल तरच चंदगड, गडहिंग्लज, कागलचे हेलपाटे घाला.

टायपिंगबद्दल एक सल्ला. मराठी रेमिंग्टनवर (जुन्या टाइपरायटरच्या कीबोर्डवर) बसलेली बोटं कन्नडला उपयोगी पडत नाहीत. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या सामाईक कीबोर्डमध्ये मात्र दोन्ही लिप्यांत ‘क’ एकाच बटणावर, ‘त’ एकाच बटणावर. मराठी आणि कन्नड दोन्ही टाइप करायची वेळ रोज येणार असेल तर इनस्क्रिप्ट एकदाच शिका, पण परीक्षेला कोणता कीबोर्ड मान्य आहे ते अर्जाआधी बघा. आणि क्लास जुन्या फाँटवर शिकवत असेल तर तो सोडा. तो मजकूर सरकारी पोर्टलवर चिकटवला की नुसती विचित्र चिन्हं उमटतात. युनिकोडच हवं.

हातात एकच वर्ष आणि घरची ओढाताण असेल तर सरकारी आयटीआयतला कोपा घ्या आणि संध्याकाळी एखाद्या सीएच्या ऑफिसात बिलं लावायला जा, पगार नाममात्र असला तरी. एप्रिल ते सप्टेंबर हा काळ निवडा. रिटर्नचा आणि ऑडिटचा रेटा याच महिन्यांत असतो, त्यामुळे नवख्याच्या हातातही काम पडतं.