काँग्रेस डॉट जीओव्ही: युद्धाची घाई तपासायला किती उपयोगी?

अमेरिकेचं सरकार युद्धाची भाषा बोलू लागलं की पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की काँग्रेसची, म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून बनलेल्या तिथल्या संसदेची, परवानगी घेतली का? राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार अध्यक्षाला नाही, काँग्रेसला दिला आहे. काँग्रेसने तो शेवटचा वापरला जून 1942 मध्ये. त्यानंतरची युद्धं परवानगीच्या ठरावांवर लढली गेली, किंवा तीही न घेता. म्हणून या ठरावांचा माग घरबसल्या काढता येणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसची काँग्रेस डॉट जीओव्ही ही मोफत साइट आहे.

तिची ताकद पाहायची तर 107 वी काँग्रेस (प्रत्येक काँग्रेस दोन वर्षांची असते) निवडा आणि ‘एच.जे.रेस. 114’ उघडा. हा इराक युद्धाला परवानगी देणारा ठराव. ‘अ‍ॅक्शन्स’ या भागात तारखा ओळीने दिसतात: 2 ऑक्टोबर 2002 ला मांडला, 10 ला प्रतिनिधीगृहात 296 विरुद्ध 133 ने मंजूर, 11 ला सिनेटमध्ये 77 विरुद्ध 23, 16 ला स्वाक्षरी. चौदा दिवस! घाई म्हणजे काय, हे कुठल्याही भाषणापेक्षा हे पान स्पष्ट सांगतं. कोणी कसं मत दिलं ते दोन्ही सभागृहांच्या मतदानाच्या दुव्यांवर नावनिशी मिळतं.

चालू ठराव शोधताना देशाचं नाव टाकून थांबू नका, मदतनिधीपासून निर्बंधांपर्यंत सगळंच वर येतं. सैन्य माघारी बोलावणाऱ्या ठरावांच्या शीर्षकात बहुधा ‘रिमूव्हल ऑफ युनायटेड स्टेट्स आर्म्ड फोर्सेस फ्रॉम होस्टिलिटीज’ (अमेरिकी सैन्य लढाईतून काढून घेणं) असे शब्द असतात. ते इंग्रजीत, अवतरणचिन्हांत टाका. मग क्रमांकाआधीची अक्षरं नीट वाचा: ‘एच’ म्हणजे प्रतिनिधीगृहाचा, ‘एस’ म्हणजे सिनेटचा, ‘रेस.’ म्हणजे ठराव. ‘कॉन.रेस.’ (दोन्ही सभागृहांचा सामायिक ठराव) असेल तर ठराव अध्यक्षाकडे जातच नाही, आणि अध्यक्षाकडे न पाठवता सरकारचा निर्णय फिरवणं घटनाबाह्य ठरवणाऱ्या 1983 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या चढ्ढा निकालानंतर अशा ठरावाचं कायदेशीर बळ संशयात आहे. ‘जे.रेस.’ (संयुक्त ठराव) अध्यक्षाकडे जातो, म्हणजे त्यावर नकाराधिकार चालतो. येमेनमधल्या लढाईतून अमेरिकी सैन्य काढण्याच्या ‘एस.जे.रेस. 7’ चं तेच झालं. 2019 मध्ये तो सिनेटमध्ये 54–46 आणि प्रतिनिधीगृहात 247–175 ने मंजूर झाला, 16 एप्रिलला अध्यक्षांनी नाकारला, आणि 2 मे रोजी नकाराधिकार उलटवण्याचा प्रयत्न 53–45 वर अडकला, कारण दोन तृतीयांश मतं लागतात.

सिनेटमधला असा ‘जे.रेस.’ समितीकडे गेला की तिथून दहा दिवस मोजा. समितीने तोवर काही केलं नाही, तर ठराव बाहेर काढण्याचा प्रस्ताव सभागृहात आणता येतो आणि त्याला साधं बहुमत पुरतं. आपल्या सिनेटरला फोन करायचा तर याच दिवसांत करा.

आता उणिवा. सर्वांत मोठी म्हणजे इथे युद्धाचं घड्याळ नाही. 1973 च्या युद्धाधिकार कायद्यानुसार सैन्य लढाईत उतरवल्यापासून 48 तासांत अध्यक्षाने अहवाल द्यायचा; तो दिल्यापासून, किंवा द्यायला हवा होता तेव्हापासून, 60 दिवसांत परवानगी मिळाली नाही तर सैन्य मागे घ्यायचं. सैन्य सुखरूप काढण्यासाठीच आणखी 30 दिवस मिळतात. हा हिशेब साइट करत नाही, आपणच करावा लागतो. 2011 मध्ये लिबियाबाबतचा अहवाल 21 मार्चचा होता, म्हणजे मुदत 20 मे ला संपली. हल्ले पुढेही चालू राहिले, आणि या कारवाईला कायद्यातला ‘होस्टिलिटीज’ हा शब्द लागू होत नाही, असा युक्तिवाद सरकारने केला. अहवाल आणि उरलेले दिवस एका पानावर असते, तर असली पळवाट पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. ही सोय झालीच पाहिजे.

दुसरी उणीव जास्त फसवी आहे. येमेनबाबतचा आधीचा, 2018 मधला ठराव कुठे अडला हे शोधताना फक्त त्याचंच पान पाहिलं तर खरी गोष्ट हातची निसटते. 12 डिसेंबर 2018 रोजी प्रतिनिधीगृहाने शेती विधेयकाच्या चर्चेचे नियम ठरवणारा ‘एच.रेस. 1176’ 206 विरुद्ध 203 ने मंजूर केला. त्याच्याच पोटात येमेनवरच्या ठरावांचा तातडीने सभागृहापुढे येण्याचा हक्क त्या काँग्रेसपुरता काढून घेणारं कलम होतं. युद्धाची चर्चा शेतीच्या कागदाखाली दाबली गेली! म्हणून नियम समितीचे ‘एच.रेस.’ ठराव शेवटच्या कलमापर्यंत वाचा.

गुप्तचर अहवाल इथे नसतात, तो दोष साइटचा नाही. पण इराकबाबतचे बहुतेक मुख्य निष्कर्ष फुगवलेले किंवा पुराव्याचा आधार नसलेले होते, हे सिनेटच्या समितीने सांगितलं जुलै 2004 मध्ये, मतदानानंतर पावणेदोन वर्षांनी. म्हणून मतदानाआधी सुनावणी झाली का, हे समित्यांच्या वेळापत्रकात आवर्जून पाहा.

ठरावांच्या प्रवासाच्या नोंदी 1973 पासून मिळतात. नव्या ठरावाचा मजकूर यायला एक-दोन दिवस लागू शकतात, आणि घाईच्या आठवड्यात तेवढा उशीरही महागात पडतो. मोफत खातं उघडून ठरावावर ‘अलर्ट’ लावा, ईमेल येत राहतो. विषम वर्षाच्या 3 जानेवारीला मात्र नवी काँग्रेस बसते आणि रखडलेले ठराव रद्द होतात. तोच ठराव पुन्हा मांडला तर त्याला नवा क्रमांक मिळतो, त्यामुळे अलर्टही नव्याने लावावा लागतो.