थंडरबर्डचे अपडेट: थांबवायचे, लांबवायचे की विचारून घ्यायचे?

सांगलीत ताईचं करसल्लागाराचं ऑफिस आहे. पाच कॉम्प्युटर, पाचही थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅमवर, आणि त्यांची देखभाल फुकटात माझ्याकडे. जुलैत तिचा फोन वाजला की विषय बहुतेक ठरलेला. "अरे, परत ते अपडेट झालं. काकांचं फाइल नंबरवालं बटण गेलं. कायमचं बंद कर बघू ते."

ऑफिसातल्या काकांचं बटण म्हणजे थंडरबर्डला वरून जोडलेलं एक छोटं अ‍ॅड-ऑन. पत्राच्या विषयात क्लायंटचा फाइल नंबर घालतं, बाकी काही नाही. थंडरबर्ड नव्या मोठ्या आवृत्तीवर गेलं आणि अ‍ॅड-ऑन त्या आवृत्तीसाठी तयार नसलं, की ते निष्क्रिय होऊन बसतं. आयकर विवरणपत्रांची नेहमीची शेवटची तारीख ३१ जुलै. थंडरबर्डची वर्षातली मोठी उडी जूनअखेर ते जुलैत: २०२२ला आवृत्ती १०२, २०२३ला ११५, २०२४ला १२८, २०२५ला १४०. करसल्लागाराच्या ऑफिसला याहून वाईट मुहूर्त शोधूनही मिळायचा नाही.

म्हणून "बंद कर" म्हणणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: नको आहे ते नक्की काय? अपडेट दोन जातींचे असतात. एक दर महिन्याची डागडुजी. तिच्यात सुरक्षेची भोकं बुजवलेली असतात आणि पडद्यावर सहसा काहीच हलत नाही. दुसरी ही वार्षिक उडी. आवृत्ती ७८मध्ये (२०२०) जुन्या पद्धतीची सगळी अ‍ॅड-ऑन कायमची बाद झाली; ११५मध्ये पडद्याची मांडणीच बदलली. लोकांचा राग उडीवर असतो आणि बटण दाबून बंद करतात ते डागडुजीसकट सगळं. खालचे पर्याय तोलताना माझा काटा हाच आहे.

पहिला पर्याय: विचारून घे

सेटिंग्ज, त्यात जनरल, आणि खाली सरकत गेलं की अपडेटचा भाग. तिथे दोन गोल: अपडेट आपोआप बसवा, किंवा अपडेट आहे का ते बघा पण बसवायचं की नाही ते मी ठरवीन. दुसरा गोल निवडला की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम, परत फिरवायलाही अर्धंच मिनिट. विंडोजवर ही निवड त्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या खात्यांना लागू होते, म्हणजे सामायिक मशिनवर एकाने बदललं की सर्वांचं बदलतं.

खोट एवढीच की "नवी आवृत्ती आली आहे" अशी खिडकी अधूनमधून वर येत राहते. तुम्ही-आम्ही ती बाजूला सारतो. काका मात्र समोर आलेल्या प्रत्येक खिडकीत "होय" दाबतात. आता त्यांना कोण सांगणार?

इथे एका जुन्या सल्ल्याची वाट बंद करतो. कॉन्फिग एडिटरमध्ये, म्हणजे थंडरबर्डच्या आतल्या बारीक सेटिंग्जच्या यादीत, जाऊन अपडेटची अमुक ओळ 'फॉल्स' करा, असं बरेच जण अजून सांगतात. अपडेट तपासणं पूर्ण बंद करणारी ती ओळ केव्हाच काढून टाकली गेली. आपोआप बसवण्याची निवडही विंडोजवर आता वेगळ्या फायलीत जाते. ओळ बदलल्याचं समाधान मिळतं, अपडेट यायचं ते येतंच.

दुसरा पर्याय: पॉलिसीची फाइल

खरा दरवाजा बंद करायचा तर हा रस्ता. आवृत्ती ६८पासून थंडरबर्ड ऑफिसांसाठीचे नियम एका फायलीतून वाचतं. प्रोग्रॅम फाइल्समध्ये मोझिला थंडरबर्डचं फोल्डर असतं. त्यात 'डिस्ट्रिब्युशन' नावाचं फोल्डर करायचं आणि आत 'पॉलिसीज' नावाची जेसन फाइल (साध्या मजकुराचीच, फक्त नावाच्या शेवटी .json) ठेवायची, दोन्ही नावं इंग्रजी लहान अक्षरांत. फायलीत लिहायला दोन नियम कामाचे आहेत. 'डिसेबल अ‍ॅप अपडेट' सगळंच बंद करतो. मग 'थंडरबर्डविषयी' या खिडकीतूनही अपडेट करता येत नाही. 'मॅन्युअल अ‍ॅप अपडेट ओन्ली' थोडा समंजस आहे: आपोआप काही बसत नाही, वर येणारी खिडकीही गप्प होते, पण तुम्ही स्वतः 'थंडरबर्डविषयी' उघडलं तर अपडेट करता येतं. नियमाचे शब्द मध्ये जागा न सोडता सलग लिहायचे, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझा पाऊण तास गेला. फाइल जागेवर, मजकूर बरोबर, आणि थंडरबर्ड ढिम्म. शेवटी फोल्डरच्या व्ह्यूमधून फायलींची शेपटं, म्हणजे नावातली टिंबापुढची अक्षरं, दाखवायला लावली, तेव्हा कळलं की नोटपॅडने जेसनच्या मागे आपलं टीएक्सटी चिकटवलं होतं आणि विंडोज ते लपवत होतं. सेव्ह करताना खालच्या यादीत 'ऑल फाइल्स' निवडायचं, म्हणजे हा खेळ टळतो. लागू झालं की नाही ते बघायला थंडरबर्ड बंद करून उघडायचं. 'डिसेबल'वाला नियम असेल तर 'थंडरबर्डविषयी'मध्ये तपासणीच्या बटणाऐवजी अपडेट बंद असल्याची ओळ दिसते.

काकांच्या मशिनवर 'मॅन्युअल'वाला नियम आहे. 'डिसेबल'वाला मी आता कुठेच ठेवत नाही, कारण तो एकदा लावून मी विसरलो होतो. दीडेक वर्षाने एका सकाळी ताईच्या मशिनवर पासवर्ड विचारणारी खिडकी जाईचना. मेल सेवेने लॉगिनची पद्धत बदलली होती. नव्या थंडरबर्डला ती येत होती, आमच्या जुन्याला नव्हती. दोष पूर्णपणे माझा. दिवस होता २० तारखेचा, जीएसटीच्या मासिक विवरणाचा, म्हणजे ताई काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसरा पर्याय: चॅनेलच बदला

हा अपडेट थांबवण्याचा मार्ग नाहीच, पण बहुतेकांना खरं तर हाच हवा असतो. थंडरबर्डची रोजच्या वापराची दोन चॅनेल, म्हणजे आवृत्त्या येण्याच्या दोन वाटा, आहेत. 'रिलीज'ला दर महिन्याला नवी आवृत्ती, नव्या सोयींसकट. 'ईएसआर'ला (एक्स्टेंडेड सपोर्ट रिलीज) उडी वर्षातून एकदा आणि मधल्या महिन्यांत फक्त डागडुजी. मार्च २०२५मध्ये, आवृत्ती १३६पासून, संकेतस्थळावर सहज हाताला लागणारी प्रत 'रिलीज'ची झाली. त्यानंतर नव्याने उतरवून घेतलेलं थंडरबर्ड दर महिन्याला बदलतंय असं वाटत असेल, तर तुमचा भास नाही. 'थंडरबर्डविषयी' उघडा, आकड्यामागे ईएसआर ही अक्षरं नसतील तर तुम्ही मासिक गाडीत बसला आहात.

उतरून दुसऱ्या गाडीत बसता येतं, पण आकडा बघून. थंडरबर्ड नव्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल, म्हणजे तुमची पत्रं, खाती आणि सेटिंग्ज ठेवलेलं फोल्डर, जुन्या आवृत्तीला उघडू देत नाही. 'तुम्ही जुनी आवृत्ती सुरू केली आहे' असं सांगून नवं, कोरं प्रोफाइल पुढे करतं. पत्रं गेलेली नसतात, पण कोरी खिडकी बघून माणसाच्या तोंडचं पाणी पळतं. म्हणून ईएसआरचा आकडा तुमच्या आकड्याइतका किंवा वरचा होईपर्यंत थांबायचं, म्हणजे व्यवहारात जुलैपर्यंत. बळेच मागे जाण्याची सोय आहे, पण ती मी ताईच्या डेटावर वापरणार नाही.

'अपडेट झालं तर झालं, नंतर जुनं टाकू' हा हिशेबही याच कारणाने फसतो. पर्याय कोणताही घ्या, उडीच्या आधी थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवा. मदतीच्या मेनूत 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' आहे, तिथून ते फोल्डर थेट उघडतं. पॉप खातं (पत्रं सर्व्हरवरून आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेणारं) असेल तर हे टाळूच नका. त्यात बऱ्याचदा पत्रांची एकमेव प्रत तुमच्याच डिस्कवर असते.

किरकोळ वाटा

विंडोजमधली मोझिलाची 'मेंटेनन्स सर्व्हिस' काढली तर अपडेट थांबत नाही. फक्त चोरपावलांनी न येता विंडोजची परवानगी मागत येतं. लोकांना अ‍ॅडमिन पासवर्ड माहीत नसलेल्या ऑफिसात तेवढंही पुरतं. थंडरबर्ड मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलं असेल तर अपडेटचा मालक स्टोअर. अशा मशिनवर मी ते काढून संकेतस्थळावरची प्रत टाकतो.

लिनक्सवर प्रश्न पॅकेजचा, म्हणजे प्रोग्रॅम कोणत्या गाठोड्यातून बसवला त्याचा असतो; स्नॅप आणि डेब ही अशी दोन गाठोडी. उबंटू २४.०४मध्ये थंडरबर्ड स्नॅप म्हणून येतं आणि स्नॅप दिवसातून चार वेळा नवीन काही आहे का ते बघतं. तिथे स्नॅपच्या रिफ्रेश कमांडला 'होल्ड' जोडायचं. साध्या डेब पॅकेजला एपीटी-मार्क होल्ड.

आणि कधी कधी चोर वेगळाच असतो. थंडरबर्ड जागच्या जागी असतं, अ‍ॅड-ऑनच बदललेलं असतं. अ‍ॅड-ऑनच्या पानावर प्रत्येकाचं स्वयंचलित अपडेट वेगळं बंद करता येतं. बाकी कशाला हात लावण्याआधी हे बघा.

मग घ्यायचं काय?

घरी एकट्याचा कॉम्प्युटर, अ‍ॅड-ऑन नाहीत किंवा एखाद-दुसरं: ईएसआर, आणि अपडेट आपोआप चालू. माझ्या वडिलांचं असंच आहे. खिडकी बघून चिडणाऱ्या, पण वाचून निर्णय घेणाऱ्या माणसाला ईएसआर आणि 'विचारून घे'. अ‍ॅड-ऑनवर काम अडतं आणि मशिनवर काका बसतात, तिथे ईएसआर आणि 'मॅन्युअल'वाला नियम, पण महिन्याला एकदा हाताने अपडेट करणारं कुणीतरी पाहिजे. तसं कुणी नसेल तर हा पर्याय घेऊ नका, आपोआपच राहू द्या. पूर्ण बंद मी फक्त अशा जुन्या मशिनवर ठेवीन जिथे नवं मेल येतच नाही, जुनी पत्रं शोधायला म्हणून ते ठेवलेलं आहे.

एवढा कडकपणा का, तर मेलचा प्रोग्रॅम परक्यांनी पाठवलेलं दिवसभर उघडत असतो. मे २०१८मध्ये 'ईफेल' नावाची त्रुटी उघड झाली. मुद्दाम रचलेलं पत्र उघडलं की कूटबद्ध मजकूर उलगडून बाहेर पाठवला जाऊ शकत होता. थंडरबर्डने ५२.८ आणि ५२.९मध्ये त्यावर दुरुस्ती दिली, आणि या दोन्ही त्याच कंटाळवाण्या डागडुजीतल्या आवृत्त्या.

ताईच्या ऑफिसात सध्या असं चालतं: नवी ईएसआर आल्यावर जुनीला अजून काही आठवडे दुरुस्त्या मिळत राहतात, तेवढ्यात जुलै निघून जातो. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी मी जातो, आधी अ‍ॅड-ऑनच्या पानावर नवी आवृत्ती चालते का बघतो, मग आधी काकांच्या मशिनवर अपडेट करतो. बटण जागेवर असेल तर बाकीची चार.