मेंदूतला फुगा: क्लिप की कॉइल?

मेंदूतल्या धमनीची भिंत एखाद्या जागी कमकुवत होऊन फुगते, तो अ‍ॅन्युरिझम. फुटला की जिवावरच बेततं. तो बंद करायचे मुख्य मार्ग दोन.

क्लिपिंग जुनं. १९३७मध्ये अमेरिकी सर्जन वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावला. काम पक्कं, पण शस्त्रक्रिया मोठी. कॉइलिंगमध्ये कवटीला हातच लावत नाहीत. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी वर नेऊन फुग्यात प्लॅटिनमची तार भरतात. आत रक्त गोठतं. इटालियन डॉक्टर गुइदो गुल्येल्मी यांनी घडवलेली ही तार रुग्णावर पहिल्यांदा वापरली गेली १९९०मध्ये.

खरी टक्कर झाली ‘आयसॅट’ चाचणीत. फुटलेल्या फुग्यांचे २,१४३ रुग्ण. वर्षभरानंतर मृत्यू किंवा परावलंबित्व कॉइलच्या गटात सुमारे २४ टक्के, क्लिपच्या गटात ३१. फरक मोठाच. मात्र कॉइलवाल्यांना पुन्हा उपचार जास्त लागले. शिवाय दोन्ही उपाय चालतील असेच रुग्ण त्यात घेतले होते, हे आकडे फेकणारे बहुधा सांगत नाहीत. मधल्या सेरेब्रल (म्हणजे मेंदूच्या) धमनीच्या फाट्यावर रुंद मानेचा फुगा असेल, तर अनेक सर्जन अजूनही क्लिपच निवडतात, आणि मला ते पटतं.