पंचावन्न इंची टीव्ही आणि नागपूरचा कूलर: वर्षभर वापरल्यानंतर

‘टीव्हीवर कूलरची हवा येते, म्हणून वॉरंटीत बसत नाही’ हे वाक्य ऐकलं तेव्हाच ठरवलं होतं की यावर सविस्तर लिहायचं. २०२४ च्या दसऱ्याला घेतलेला ५५ इंची फोर-के टीव्ही मे २०२५ मध्ये बंद पडला, भांडणानंतर जूनमध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून नीट चालतोय. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखीतल्या लोकांचे टीव्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत, पण सर्व्हिसचं रडगाणं सगळ्यांचं एकच.

आधी चांगलं. चित्राबद्दल तक्रार नाही. ६ फेब्रुवारी २०२५ ला आमच्या जामठ्याच्या स्टेडियमवर भारत-इंग्लंड वन-डे झाली, तिकीट काही मिळालं नाही, ती घरीच पाहिली. सुरुवातीला चेंडूमागे शेपटी दिसत होती. पिक्चर सेटिंगमधलं ते हालचाल ‘गुळगुळीत’ करणारं प्रकरण बंद केलं आणि शेपटी गेली. मग गिलच्या ८७ धावा काय सुंदर दिसल्या! पुढे विदर्भानं केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर तिसऱ्यांदा रणजी जिंकली, तेव्हा तर शेजारचेही आमच्याकडेच ठाण मांडून होते.

आवाज मात्र पिचका. ज्यांना संवाद ऐकायचेत त्यांनी साउंडबारचे पैसे आधीच बाजूला ठेवावेत. आणि घरात साधे, म्हणजे एसडी चॅनल पाहणारं कोणी असेल तर मोठा टीव्ही घेण्याआधी विचार करा. एसडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, पडदा ३८४० बाय २१६० चा. म्हणजे एका ठिपक्याचे वीस करून दाखवायचे. आईच्या मालिकेतल्या सासूबाईंचा चेहरा लोण्यात बोट फिरवल्यासारखा दिसायचा. शेवटी एचडी पॅक घ्यावा लागला. ते दरमहा वाढलेले पैसे टीव्हीच्या किमतीत कोणी मोजत नाही, मी मोजतो.

आता मुख्य विषय. मेच्या मधल्या आठवड्यात संध्याकाळी मालिका सुरू असताना पडदा काळा झाला. आई म्हणाली, “अरे, आवाज येऊन राहिला, माणसं कुठं गेली?” असं झालं तर घाबरू नका, एक गोष्ट करून पाहा. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याला टेकवून तिरपा धरा. आत पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल, म्हणजे चित्र उमटवणारा पडदा, जिवंत आहे; त्याला मागून उजेड देणारी बॅकलाइट गेली आहे. आमच्याकडे टॉर्चच्या गोलात सासूबाई अंधुकशा भांडताना दिसत होत्या. पॅनल म्हणजे टीव्हीची निम्म्याहून जास्त किंमत. ते शाबूत आहे हे कळल्यावर मी निवांत झोपलो. वॉरंटी होतीच.

कंपनीचा माणूस आला, तो भर दुपारी. खिडकीत कूलर, समोरच्या भिंतीवर टीव्ही. नागपुरात अर्ध्या घरांत अशीच मांडणी असते, कारण खिडकी एकच. त्यानं टीव्हीचा एक स्क्रूही काढला नाही. कूलरकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, हे डायरेक्ट टीव्हीवर मारते नं. मॉइश्चर पकडलं जी त्यानं.” जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, ‘मॉइश्चर डॅमेज’ (ओलाव्यानं बिघाड) लिहिलं आणि अकरा हजारांचा अंदाज तोंडी सांगितला.

मी विचारलं, मग उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून टीव्ही पाहायचा का? त्यानं मोबाइलवर मॅन्युअल उघडून दाखवलं: वापराचं तापमान ० ते ४० अंश. म्हणजे कूलर लावला तर ओलावा, नाही लावला तर उष्मा. दोन्हीकडून कंपनी सुटली!

त्या ४० च्या आकड्यावर मी इतका वेळ घालवला की घरचे वैतागले. मे महिन्यात आमच्याकडे बाहेर सकाळी अकरालाच चाळिशी गाठलेली असते. २०१३ च्या मेमध्ये इथं ४७.९ अंश नोंदले गेलेत. २०२४ च्या मेअखेरीस तर इथल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ दाखवले होते. तो सेन्सरचा दोष होता असा खुलासा हवामान खात्यानं केला, पण त्या दिवशी कोणाही नागपूरकराला तो आकडा फारसा खोटा वाटला नव्हता. अशा शहरात दसऱ्याला ढिगानं टीव्ही विकायचे आणि मेमध्ये ४० चा नियम दाखवायचा. मग बिलावरच छापा ना, ‘१५ मार्च ते १५ जून टीव्ही लावू नये’.

बरं, मॅन्युअलच्या त्याच पानावर आर्द्रतेची मर्यादाही होती, ८० टक्के. ती त्याला दिसली नाही. घरी तापमान-आर्द्रतेचं एक स्वस्तातलं यंत्र आहे. ते टीव्हीशेजारी ठेवून, कूलर पूर्ण वेगात सुरू असताना फोटो काढला: ३३ अंश, ५८ टक्के. कूलरची हवा ओली लागते कारण बाहेरची हवा हाडासारखी कोरडी असते. श्रावणात कूलर बंद असतानाही आमची हवा याहून दमट असते, आणि मुंबईत तर बारा महिने. तिथल्या टीव्हींचं काय करता?

हा फोटो, मॅन्युअलचं पान आणि जॉबशीट जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली. नंबर १९१५, फुकट आहे, ॲप आणि वेबसाइटही आहे. कंपनीच्या कस्टमर केअरला आठवडाभर सापडत नसलेला माझा फोन नंबर त्यानंतर लगेच सापडला.

दुसरा तंत्रज्ञ आला तो खरा कारागीर. पलंगावर रजई अंथरून टीव्ही पालथा केला, मागचं झाकण काढलं, पॅनल दोघांनी मिळून अलगद उचललं. आत पांढऱ्या पट्ट्या, त्यावर ओळीनं एलईडी आणि प्रत्येकावर प्लास्टिकचं छोटं भिंग. त्यातल्या एकावर काळा ठिपका. पट्टीतले एलईडी एकामागे एक जोडलेले असतात, दिवाळीच्या माळेत एक बल्ब गेला की माळ विझते तसंच इथं. गंजाचा मागमूस नव्हता, त्याचाही फोटो काढून ठेवला. सगळ्या पट्ट्या फुकट बदलून मिळाल्या आणि जॉबशीटवर ‘पार्ट फेल्युअर’ लिहून घेतलं.

इथं माझं मत थोडं बदललं. तोपर्यंत मी टीव्हीला शिव्या घालत होतो. या माणसानं दाखवलं की बसवायला आलेल्यानं दुकानातला भडक मोड तसाच ठेवला होता, बॅकलाइट शंभरवर. एलईडीतून जास्त करंट, जास्त उष्णता, कमी आयुष्य. त्यानं ती ५५ वर आणली. दोन दिवस चित्र मंद वाटलं, मग डोळ्यांना तेच बरं वाटायला लागलं. ज्यांनी नवीन टीव्ही घेतलाय त्यांनी आजच बघा.

स्टॅबिलायझरसाठी सीताबर्डी बाजारातल्या दुकानदारानं फार आग्रह केला होता. घेतला नाही आणि गरजही पडली नाही. टीव्हीच्या मागेच १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. नेहमीची कमी-जास्त लाइट तो स्वतःच सांभाळतो. वादळात मात्र प्लग काढतो.

एक सल राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. माझं बिल ४६,००० चं. तोच टीव्ही नव्या करानं ४२,४०० ला पडला असता. ३,६०० रुपये! यात कोणाचा दोष नाही हे समजतं, तरी बिल पाहिलं की चिडचिड होते.

वॉरंटी संपल्यावर एक्स्टेंडेड वॉरंटी विकायला कंपनीतून फोन आला. मी एवढंच विचारलं, “कूलरच्या खोलीत बिघाड झाला तर चालेल का?” पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, कूलर म्हणजे फ्रिज का?” मी म्हटलं, ताई, वरच्यांना विचारून हो किंवा नाही ते मेलवर कळवा, मी लगेच पैसे भरतो. मेल अजून आलेला नाही, पण ऑफरचे फोन दर आठवड्याला येतात.