बँडिट की पिप-ऑडिट: दूरस्थ संघाने आधी काय बसवावे?

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसाठीची ही दोन्ही मोफत सुरक्षा-साधने घरून काम करणाऱ्या संघाला उपयोगी आहेत, पण त्यांची नजर वेगवेगळ्या ठिकाणी असते. बँडिट कोड न चालवता त्याची रचना तपासते आणि कोडमध्येच लिहिलेला पासवर्ड किंवा मजकूर थेट कोड म्हणून चालवणाऱ्या ‘इव्हॅल’चा वापर ओळ क्रमांकासह दाखवते, मात्र चाचणी-फाइलींतील निरुपद्रवी ‘असर्ट’वरही (अट खरी आहे ना, हे पाहणारी ओळ) ते बोट ठेवते, त्यामुळे सुरुवातीला इशारे गाळण्यात वेळ जातो. पिप-ऑडिट तुमचा कोड पाहतच नाही. बाहेरून घेतलेल्या पॅकेजांच्या, म्हणजे इतरांच्या तयार कोडच्या, आवृत्त्या ज्ञात त्रुटींच्या नोंदींशी ताडून, दुरुस्त आवृत्ती असल्यास तीही सांगते. एकाने घाईत जोडलेले सदोष पॅकेज सर्वांच्या लॅपटॉपवर पोहोचत असल्याने मी आधी पिप-ऑडिटच बसवेन, तेही सामायिक सीआय-प्रणालीत (प्रत्येक बदलानंतर कोड आपोआप तपासणारी व्यवस्था), कारण स्वतःच्या यंत्रावरची तपासणी सहज राहून जाते.