खोगीरवाला पफर की त्याची नक्कल: पिशवीतला मासा नक्की कोण?

पांढरट अंगावर तपकिरी ठिपके, पाठीवर खोगिरं टाकल्यासारखे चार काळपट पट्टे, टोकदार तोंड. असा बोटभर मासा विक्रेत्याच्या टँकमध्ये दिसला आणि काचेवर ‘वॅलेंटिनी पफर’ अशी चिठ्ठी असली, तरी लगेच पिशवी भरायला सांगू नका. चिठ्ठी खरी असेल तर तो कँथिगॅस्टर वॅलेंटिनी. नसेल तर बहुधा पॅराल्युटेरस प्रायोन्युरस, म्हणजे त्याची हुबेहूब नक्कल करणारा फाइलफिश. दोघंही हिंदी-प्रशांत महासागरातल्या प्रवाळांत राहतात आणि दोघंही जेमतेम ११ सेंटिमीटरपर्यंत वाढतात. घरी आणल्यावर मात्र दोघांचे स्वभाव एकदम वेगळे.

पफर म्हणजे धोका दिसला की अंग फुगवणारा, आपल्या केंडाच्या घराण्यातला मासा. त्याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं, म्हणून मोठे मासे त्याच्या वाटेला जात नाहीत. फाइलफिशच्या अंगात तसलं काही नाही. त्याने नुसता वेश उचलला आहे आणि त्या वेशावरच त्याचं भागतं. पट्ट्यांची जागा, ठिपक्यांचा रंग, पोहण्याची संथ चाल, सगळं इतकं जुळतं की रंगावरून ओळखायला जाल तर फसाल. मी फसलोय. पफर समजून आणलेल्या माशाला पाच दिवस कवचासकट शिंपल्याचे तुकडे देत होतो. तो जवळ यायचा, तुकड्याकडे बघायचा आणि मागे फिरायचा. मी त्याला आजारी समजत होतो आणि तो बिचारा उपाशी होता.

तेव्हा रंग सोडा, पर बघा. मासा काचेला समांतर झाला की पाठीकडे नजर ठेवा. पफरची जवळजवळ अख्खी पाठ मोकळी असते आणि पार मागे, शेपटीजवळ, एकच छोटा पर असतो, इवल्या पंख्यासारखा. त्यात नऊच्या आसपास किरण (पर ताठ धरणाऱ्या काड्या) असतात आणि तो वल्ह्यासारखा डावी-उजवीकडे हलतो. पोटाखालचा पर तसाच आखूड. फाइलफिशचे हे दोन्ही पर लांबच लांब असतात, पाठीवरच्या परात पंचवीस किंवा त्याहून जास्त किरण. पोहताना त्यांच्यातून झालर हलावी तशी लाट पुढून मागे सरकत जाते. एकदा ती लाट दिसली की पुन्हा शंका उरत नाही. शिवाय फाइलफिशच्या डोळ्यांच्या वर, पाठीच्या सुरुवातीला एक काटा असतो. तो बऱ्याचदा पाठीला चिकटून मिटलेला असतो, त्यामुळे ‘काटा दिसला नाही, म्हणजे पफरच’ असा निष्कर्ष काढू नका. काटा दिसला तर मात्र पफर नक्कीच नाही.

दातांवरूनही कळतं, पण त्यासाठी मासा खाताना बघायला हवा. पफरचे दात जुळून त्यांची पोपटासारखी चोच झालेली असते. फाइलफिशचे दात सुटे, छोटे, कुरतडायला केलेले.

एक गोष्ट कृपा करून करू नका: फुगतो का हे बघायला काचेवर टकटक करणं किंवा जाळीत धरून वर काढणं. पाण्याबाहेर पफरने हवा गिळली तर ती बाहेर टाकणं त्याला जड जातं आणि त्यात तो मरूही शकतो. पाण्यासकट भांड्यात घेऊनच हलवावा. (कँथिगॅस्टर वंशात असेच पट्टे असलेला कोरोनाटा नावाचा मासाही येतो. त्याचे पट्टे खाली निमुळते होत जातात आणि कडेला पिवळे-निळे ठिपके असतात. पाळायच्या दृष्टीने त्याला वॅलेंटिनीचा भाऊच समजा.)

आता घ्यायचा कोणता? नवख्या माणसाने पफर घ्यावा, असं मी सांगेन. तो धीट असतो, माणूस दिसला की काचेशी येतो आणि मिळेल ते खातो. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून कवचाचं खाणं अधूनमधून द्यावंच लागतं, नाहीतर तोंडच बंद व्हायची वेळ येते. ही एक शिस्त पाळली की तो टिकतो. पण टँकमध्ये कोळंबी, गोगलगायी किंवा शंखातले खेकडे असतील, तर ते त्याच्या ताटात वाढल्यासारखेच आहेत. लांब परांच्या सोबत्यांनाही तो सोडत नाही. माझ्या बंगाई कार्डिनल या लांब परांच्या माशाच्या परातून एका सकाळी छोटा, स्वच्छ, अर्धगोल तुकडा गेलेला होता, पंच मशीनने कापावा तसा. पफर शेजारीच साळसूदपणे तरंगत होता.

फाइलफिश शेजारी म्हणून सोज्वळ. परांचे लचके तोडायची खोड त्याच्यात कमी आणि मोठी कोळंबी सहसा बचावते, पण बारीक जीव आणि प्रवाळांचे पॉलिप (प्रवाळ ज्यांनी बनतो ते इवले जीव) तो टोचून बघतो, त्यामुळे महागड्या प्रवाळांचा टँक असेल तर दोघांपैकी कुणालाच आत घेऊ नये. त्याची खरी अडचण खाण्याची. तोंड इवलंसं, स्वभाव भित्रा, आणि समुद्रात दिवसभर थोडं थोडं टिपत राहायची सवय. दिवसातून एकदा खाणं टाकून ऑफिसला जाणाऱ्याकडे तो हळूहळू खंगतो. पोट आत गेलेलं दिसेपर्यंत बहुतेकदा उशीर झालेला असतो. बारीक मायसिस किंवा आर्टेमिया (माशांना खाऊ घालायचे कोळंबीसारखे इवले जीव) दिवसातून तीन-चार वेळा घालणं जमत असेल आणि बाकीचे मासे शांत असतील, तरच त्याच्या वाटेला जावं. तसं जमणाऱ्याने मात्र पफर सोडून हाच घ्यावा. त्या झालरीच्या लाटेकडे मी अजूनही चहा निवेपर्यंत बघत बसतो.

जागा दोघांना सारखीच लागते. दीडशे लिटरच्या खाली जाऊ नका आणि लपायला कपारी भरपूर ठेवा. औषधांच्या बाबतीतही दोघं नाजूक, त्यामुळे तांब्याची औषधं डोळे मिटून ओतू नका.

कोणताही ठरवा, पण विक्रेत्याला आधी तुमच्यासमोर खाणं टाकायला सांगा. पफर असेल तर पहिल्या मिनिटात झडप घालेल. फाइलफिश असेल तर पाच-दहा मिनिटं उभं राहायची तयारी ठेवा. दगडाआडून येऊन त्याने दोन-तीन कण टिपले तर घ्या. नुसतं बघून परत गेला, तर तो तिथेच राहू द्या आणि आठवड्याने पुन्हा जा.